दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर कसं काढायचं? खान्देशातल्या घराघरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरच्या एका आजींनी मला विचारलं होतं, "भाऊ, मन्हा नातू कितला लांब शे?" नातू अमेरिकेत डेन्व्हरला. मी शाळेत भूगोल शिकवला, पण त्या दिवशी "खूप लांब, आजी" एवढंच तोंडातून निघालं. घरी येऊन वही काढली आणि नीट हिशेब मांडला. तेव्हापासून हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो: पोरगी जर्मनीला शिकायला गेली त्या वडिलांकडून, आखातात नोकरीला गेलेल्याच्या भावाकडून, विज्ञान प्रदर्शनाची तयारी करणाऱ्या मुलांकडून. त्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र ठेवतो.

अंतर म्हणजे नेमकं कोणतं अंतर?

आधी हे ठरवा, कारण अर्धा गोंधळ इथेच होतो. पहिलं अंतर म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून दोन ठिकाणांमधलं सगळ्यात जवळचं अंतर. ते कायम तेवढंच राहतं आणि गणिताने काढता येतं. दुसरं अंतर म्हणजे विमान त्या दिवशी प्रत्यक्ष जेवढं उडालं ते. ते रोज थोडं बदलतं. तिसरं म्हणजे मधले थांबे धरून तिकिटावरच्या सगळ्या टप्प्यांची बेरीज. संगणकावर दोन विमानतळांची नावं टाकली की जो आकडा येतो, तो जवळजवळ नेहमी पहिल्या प्रकारचा असतो.

अक्षांश-रेखांश कुठून घ्यायचे?

विमानतळाचेच घ्या, शहराचे नकोत. जळगाव विमानतळ २०°५७′४३″ उत्तर, ७५°३७′३६″ पूर्व इथे आहे. नावापेक्षा तीन अक्षरी कोडवर भरवसा ठेवा (जळगावचा जेएलजी, मुंबईचा बीओएम), कारण लंडनसारख्या शहरात विमानतळ एकापेक्षा जास्त असतात.

आता एक चूक सांगतो. मुलांच्या वहीत ती मी इतक्या वेळा लाल शाईने दुरुस्त केली आहे की डोळे मिटूनही दिसते. २०°५७′४३″ हे २०.५७४३ नव्हे! अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नाहीत, आणि मिनिटाचे सेकंदही साठच. ५७ ला ६० ने भागा, ०.९५ येतात. ४३ ला ३६०० ने भागा, ०.०१२ येतात. म्हणून खरा अक्षांश २०.९६२. चुकीचा अक्षांश धरला, तर विमानतळ ४३ किमी दक्षिणेला सरकतो आणि थेट अजिंठ्याच्या डोंगरात जाऊन बसतो.

पश्चिम रेखांशाला वजा चिन्ह लावायला विसरू नका. लंडनच्या हीथ्रोचा रेखांश −०.४६ आहे, अधिक ०.४६ नाही.

जवळच्या दोन विमानतळांसाठी सोपी रीत आहे का? उदाहरणार्थ, जळगाव–मुंबई?

आहे, आणि सुरुवात तिथूनच करावी. मुंबई विमानतळ १९.०८९ उत्तर, ७२.८६८ पूर्व. अक्षांशातला फरक १.८७३ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किमी, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर २०८ किमी.

रेखांशातला फरक २.७५९ अंश. रेखांशाचा अंश मात्र सगळीकडे सारखा लांब नसतो. विषुववृत्तावर तो १११ किमी असतो, आपल्या खान्देशात १०४ किमी भरतो, लंडनच्या अक्षांशावर जेमतेम ६९. सगळी रेखावृत्तं ध्रुवावर एकत्र येतात, त्यामुळे वर जावं तशी त्यांच्यातली जागा कमी होत जाते. म्हणून मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे २० अंशांच्या, कोसाइनने (०.९४) गुणायचं. २.७५९ × ०.९४ × १११.२ म्हणजे २८८ किमी.

आता पायथागोरस. २०८ चा वर्ग आणि २८८ चा वर्ग, त्यांची बेरीज, तिचं वर्गमूळ. उत्तर सुमारे ३५६ किमी.

रेल्वेने हेच अंतर साधारण ४२० किमी पडतं. गाडी मनमाड, नाशिक, इगतपुरी करत घाट उतरते. विमानाला तो वळसा नाही.

हीच रीत लंडनला लावली तर?

लावून बघितली आहे. मुंबई–लंडन सुमारे ७,५७० किमी येतं. खरं उत्तर त्याहून साडेतीनशे किमीने कमी आहे, म्हणजे जवळजवळ एक जळगाव–मुंबई फुकट वाढली. ही रीत जमीन सपाट धरते. काहीशे किलोमीटरपर्यंत ते खपून जातं. हजारोंवर गेलात की पृथ्वीचा गोलवा हिशेबात घ्यावाच लागतो.

मग मुंबई–लंडन बरोबर कसं काढायचं?

दहावीची त्रिकोणमिती आणि साइन-कोसाइनची बटणं असलेला कॅल्क्युलेटर एवढ्यात काम होतं. मोबाइल आडवा धरला की त्यातल्या कॅल्क्युलेटरवरही बहुधा ही बटणं दिसतात.

मुंबई १९.०९ आणि ७२.८७, हीथ्रो ५१.४७ आणि −०.४६. रेखांशातला फरक ७३.३३ अंश.

आधी दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७१ × ०.७८२३ = ०.२५५९.

मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन, तिघांचा गुणाकार: ०.९४५० × ०.६२२९ × ०.२८६९ = ०.१६८९.

दोन्हींची बेरीज ०.४२४८. कोणत्या कोनाचा कोसाइन एवढा असतो, ते उलट्या कोसाइनच्या बटणाने विचारा. ६४.८६ अंश. पृथ्वीच्या केंद्रात उभं राहून एका हाताने मुंबई आणि दुसऱ्या हाताने लंडन दाखवलं, तर दोन हातांमध्ये एवढा कोन पडेल. त्याला १११.२ ने गुणा: ७,२१२ किमी.

यात घोकण्यासारखं काही नाही. मुलांना मी तो दोन हातांचा कोन आधी करून दाखवायचो आणि सूत्र नंतर सांगायचो. कोन डोळ्यांसमोर आला की सूत्र आपोआप लक्षात राहतं.

माझं उत्तर भलतंच येतं. का?

दहापैकी नऊ वेळा कॅल्क्युलेटर रेडियनवर (कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककावर) असतो, तो अंशांवर आणा. संगणकाच्या तक्त्यात उलटं होतं: तिथली साइन-कोसाइनची सूत्रं रेडियनच मागतात, त्यामुळे अंशांना आधी π ने (३.१४१६ ने) गुणून १८० ने भागावं लागतं. राहिलेल्या एका वेळी वजा चिन्ह विसरलेलं असतं.

आणि दोन ठिकाणं अगदी जवळ असतील, तर वरची बेरीज १ च्या इतकी जवळ येते की दशांशाच्या चार-पाच स्थळांत फरकच दिसत नाही. त्यासाठी हॅव्हरसाइन नावाचं सूत्र वापरतात. अक्षांश-फरकाच्या अर्ध्याच्या साइनचा वर्ग घ्या. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाच्या अर्ध्याच्या साइनचा वर्ग यांचा गुणाकार मिळवा. बेरजेच्या वर्गमुळाचा उलटा साइन काढा, त्याची दुप्पट म्हणजे कोन. जवळचं-लांबचं, दोन्हींना हे चालतं, म्हणून संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये बहुतेक हेच असतं.

विमानातल्या पडद्यावर मार्ग कमानीसारखा वाकडा का दिसतो? सरळ का जात नाहीत?

सरळच जातात. वाकडा नकाशा आहे. भिंतीवर टांगतो त्या जगाच्या नकाशांपैकी पुष्कळ मर्केटरच्या १५६९ सालच्या पद्धतीवर बेतलेले असतात. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. म्हणून ग्रीनलँड आफ्रिकेएवढं वाटतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि शिवणकामाचा दोरा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं लंडनवर, आणि ताणा. दोरा आपण होऊन सगळ्यात जवळची वाट धरतो. तोच बृहद्वृत्ताचा तुकडा. पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणारं वर्तुळ म्हणजे बृहद्वृत्त. विषुववृत्त हे एक, आणि समोरासमोरची दोन रेखावृत्तं मिळून होणारं वर्तुळही बृहद्वृत्तच. गोलाचा व्यास ३० सेंमी असेल तर दोऱ्याचा एक सेंमी म्हणजे सुमारे ४२५ किमी. मुंबई–लंडन दोरा १७ सेंमी भरतो. गुणून बघा, ७,२२५ येतात. दोऱ्याने मोजून गणिताच्या एवढ्या जवळ उत्तर आलं की वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलंही पुढे यायची.

खान्देशातून अमेरिकेला जायचं तर कोणत्या दिशेला?

या प्रश्नावर मी कितीही वेळ बोलू शकतो.

७५ अंश पूर्व रेखावृत्त चाळीसगाव आणि अमळनेरच्या अगदी जवळून जातं. ते उत्तर ध्रुव ओलांडून पलीकडे उतरलं की १०५ अंश पश्चिम होतं. आणि १०५ अंश पश्चिम म्हणजे डेन्व्हर! जळगाव विमानतळाचा रेखांश ७५.६३ पूर्व, डेन्व्हर विमानतळाचा १०४.६७ पश्चिम. बेरीज १८०.३०. म्हणजे दोघं पृथ्वीच्या गोलावर एकमेकांच्या जवळजवळ बरोबर पाठीमागच्या रेषेवर आहेत, आणि त्यांच्यातली सगळ्यात जवळची वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते.

इथे साइन-कोसाइनची गरजच नाही. जळगाव २०.९६ अंशांवर, म्हणून ध्रुवापर्यंत ९० वजा २०.९६, म्हणजे ६९.०४ अंश. डेन्व्हर ३९.८६ वर, ध्रुवापासून तिथे उतरायला ५०.१४ अंश. एकूण ११९.१८ अंश, गुणिले १११.२, सुमारे १३,२५० किमी. चौथीतलं पोरही करेल.

ही वाट मनात चालून बघा. धावपट्टीवर उत्तरेकडे तोंड करा. आधी तापी, मग सातपुडा. पुढे इंदूर, कोटा, जयपूर आणि जालंधर ही सगळी गावं याच पट्ट्यात. मग हिमालय, काशगरचा प्रदेश, किर्गिझस्तान, कझाकस्तान, सायबेरिया, गोठलेला समुद्र, ध्रुव. पलीकडे कॅनडाची बर्फाळ बेटं, रेजायना शहर, आणि रॉकी पर्वताच्या पायथ्याशी डेन्व्हर. भिंतीवरच्या नकाशात बोट फिरवत पश्चिमेला गेलात, म्हणजे २१ अंशांचं अक्षवृत्त धरून अर्धी पृथ्वी ओलांडलीत आणि मग वर चढलात, तर २०,८०० किमी होतात. साडेसात हजार किमी जास्तीचे.

असं थेट विमान जळगावहून नाही. पण ध्रुवावरून जाणं कल्पनेतलंही नाही. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को–बंगळूर विमान उत्तर ध्रुवावरून आणलं. त्या दोन शहरांमधलं सरळ अंतर सुमारे १४,००० किमी आहे.

मधे थांबा असला तर?

प्रत्येक टप्पा वेगळा काढून बेरीज करा. डेन्व्हरचंच उदाहरण: जळगाव–मुंबई ३५६, मुंबई–फ्रँकफर्ट सुमारे ६,५७०, फ्रँकफर्ट–डेन्व्हर सुमारे ८,०९०. बेरीज १५,००० च्या थोडी वर. थेट अंतर १३,२५०. सुरुवातीला मुंबईला जायचं म्हणजे चक्क नैऋत्येला, उलट्या बाजूला जायचं, हे लक्षात घेतलं तर वाढ फार नाही.

पृथ्वी पूर्ण गोल नाही म्हणतात. मग हा हिशेब चुकीचा?

थोडा. विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवापाशी ६,३५७. आपण सरासरी ६,३७१ धरली, १११.२ हा आकडा तिच्यातूनच येतो. यामुळे होणारी चूक जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. ज्यांना मीटरपर्यंत अचूक हवं ते व्हिन्सेंटी यांची १९७५ सालची पद्धत वापरतात, तीत पृथ्वी ध्रुवांकडे चपटी धरलेली असते. दोन संकेतस्थळांचे आकडे दहा-वीस किलोमीटरने वेगळे दिसतात, ते बहुधा याच कारणाने. घरच्या हिशेबाला गोल पृथ्वी पुरे.

मैल, सागरी मैल, किलोमीटर यांचं काय?

सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. तो अक्षांशाच्या एका मिनिटावरून आला, म्हणून वैमानिक आणि खलाशी दोघांनाही सोयीचा. कोनाला नुसतं ६० ने गुणा, सागरी मैल मिळाले. मुंबई–लंडन सुमारे ३,८९० सागरी मैल. साधा मैल १.६०९ किमीचा. "मैल" एवढंच लिहिलेलं असेल तर कोणता, ते आधी विचारा.

विमान प्रत्यक्षात एवढंच उडतं का?

नाही, नेहमी थोडं जास्त. निघताना धावपट्टीच्या दिशेने उडून मग वळायचं, उतरताना रांगेत थांबायचं, मधे ठरलेल्या हवाई मार्गांवरून जायचं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या प्रदूषण मोजण्याच्या पद्धतीत यासाठी सरळ अंतरात भर घातली आहे: ५५० किमीच्या आत ५० किमी, ५,५०० पर्यंत १०० आणि त्यापुढे १२५.

पण खरा मोठा फरक पडतो तो बंद आकाशामुळे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, आणि दिल्लीहून युरोपला जाणारी आपली विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालू लागली. २०१९ मध्येही काही महिने असंच झालं होतं. दोन विमानतळ जागचे हलले नाहीत, गणितातलं अंतर तेच राहिलं, घरी वाट बघणाऱ्यांचे तास मात्र वाढले.

आणि वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे १५,३०० किमीची, नेहमीपेक्षा हजाराहून जास्त किलोमीटर लांब. तरीही पाठीवर वारा असल्याने साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा लवकर. सरळ अंतर तर जेमतेम १२,४०० आहे. म्हणून "जवळची वाट" आणि "लवकर पोचवणारी वाट" या मला कधीच एक वाटत नाहीत.

अंतरावरून वेळ कसा काढायचा?

मोठ्या जेट विमानाला ताशी ८५० किमी धरा आणि वर अर्धा तास चढ-उतारासाठी. लंडनला नऊ तास येतात. जाताना वारा समोरून असल्याने ते साडेनऊ-दहावर जातात, येताना तासभर कमी लागतो. एटीआर ७२ सारख्या पंख्याच्या छोट्या विमानाला ताशी ५०० धरा.

भाडं अंतरावर ठरतं का?

बहुधा नाही, मागणीवर ठरतं. "उडान" योजनेत मात्र अंतराचा थेट संबंध आहे: सुरुवातीला सुमारे ५०० किमीच्या, तासाभराच्या प्रवासाला योजनेतल्या जागांसाठी २,५०० रुपयांची मर्यादा घातली होती.

अंतर माहीत असण्याचा खरा पैशाचा फायदा वेगळ्याच जागी होतो. युरोपियन संघाच्या २००४ सालच्या नियमात विमान रद्द झालं किंवा फार उशीर झाला तर भरपाई बृहद्वृत्तावरच्या अंतराने ठरते: १,५०० किमीपर्यंत २५० युरो, ३,५०० पर्यंत ४००, त्यापुढे ६००. फ्रँकफर्टहून मुंबईला येणारी पोरगी सगळ्यात वरच्या टप्प्यात बसते. कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर ही भरपाई मिळत नाही, पण कारण लेखी मागा. आपल्याकडच्या नियमात रद्द झालेल्या विमानाची भरपाई अंतराने नाही, उड्डाणाच्या वेळेने मोजतात: तासाभराच्या आतल्याला ५,००० रुपयांपर्यंत, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याहून मोठ्याला १०,०००.

आम्ही नंदुरबारचे. अंतर कुठून मोजू?

जिथून खरोखर विमानात बसणार तिथून. नंदुरबार–सुरत सरळ रेषेत १६० किमीच्या आत आहे, त्यामुळे नवापूर, नंदुरबारच्या लोकांना सुरत सोयीचं. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसायचं नियमित विमान नाही. धुळेकरांनी जळगाव, शिर्डी, नाशिक, मुंबई असे तिन्ही-चारही बाजूंनी आकडे मांडून बघावेत आणि घरापासून विमानतळापर्यंतचे तासही त्यात धरावेत.

गणित नको, मोबाइलवर पटकन?

गूगल मॅप्समध्ये पहिल्या ठिकाणावर बोट दाबून धरा, "अंतर मोजा" निवडा आणि नकाशा सरकवत दुसऱ्या ठिकाणापर्यंत न्या. खाली येतो तो आकडा सरळ अंतराचाच. पण एकदा तरी दोरा ताणून बघा.

आणि त्या आजींना शेवटी काय सांगितलं?

पुढच्या खेपेला पृथ्वीगोल बरोबर नेला. ओट्यावर बसून दोरा अमळनेरवर धरला, तो त्यांच्याच हाताने ध्रुवावरून ओढून डेन्व्हरला टेकवला. एकतीस सेंमी भरला. आजींनी तो दोरा कापून मागून घेतला. मग मी त्यांना उत्तरेकडे, सातपुड्याच्या बाजूला बोट करून दाखवलं. इतकी वर्षं त्या मावळतीकडे तोंड करून नातवासाठी हात जोडायच्या.